दम लागला, की धीर सुटला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई ४७ वर्षांच्या आहेत आणि कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतात. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला नवरा-बायको अंदमानला गेले होते. तिथे स्वराज द्वीपावर दोघांनी रीतसर कोर्स केला आणि स्कुबा डायव्हिंगचं ओपन वॉटर सर्टिफिकेट घेतलं. कोमट पाणी, अंगात पातळ सूट, खाली दूरवर दिसणारं प्रवाळ; त्यांना ते मनापासून आवडलं. परतल्यावर नवऱ्याला नादच लागला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो बे एरियाच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या मॉन्टरेला डायव्हिंगसाठी जाऊ लागला. या मे महिन्यात बाईही पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेल्या. भाड्याचा जाड सूट, गळ्याशी आवळणारं हुड, कमरेला वजनांचा पट्टा, हिरवट गढूळ पाणी. किनाऱ्यापासून पोहत जातानाच धाप लागली होती. वीसेक फुटांवर गेल्यावर श्वास पुरेना. त्यांनी वर जायची खूण केली, नवरा त्यांच्याबरोबर वर आला आणि त्या दिवसाचं डायव्हिंग तिथेच संपलं. गाडीत तो म्हणाला, "घाबरलीस, बाकी काही नाही. पुढच्या वेळी जमेल." त्या लिहितात, "घरी येईपर्यंत खोकला येत होता, रात्री उशी उंच करून झोपले. सकाळी ठीक होते."

आता सप्टेंबरात मॉन्टरेजवळच्या पॉइंट लोबोसचं बुकिंग आहे. नवऱ्याने जोडीदार म्हणून त्यांचंच नाव घातलंय. मित्रमंडळींत "खरं डायव्हिंग इथलंच, अंदमान म्हणजे स्विमिंग पूल" असं बोललं जातं. त्या विचारतात: "ही भीती कशी घालवू? की सांगून टाकू की मला आयुष्यात परत जायचं नाही? माझ्यामुळे त्याचा आनंद जातो याचं फार वाईट वाटतं." ताजा कलम: "मी बीपीची छोटी गोळी घेते. डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्मवर लिहिली नाही. लिहिलं असतं तर डॉक्टरची सही आणावी लागली असती आणि तारीख गेली असती."

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात टाकली आहे, आणि दुसरी तर जाता जाता लिहून गेला आहात. म्हणून भीतीबद्दल मी नंतर बोलते. आधी तो खोकला, ती उंच केलेली उशी आणि ती गोळी.

थंड पाण्यात उतरल्यावर शरीरात काय होतं ते सांगते. पाण्याच्या दाबामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. गारठ्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आणखी रक्त आत येतं आणि रक्तदाब चढतो. त्यात सूट आवळून बसलेला असेल, पोहताना धाप लागलेली असेल, तर हृदयावर आणि फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर ताण फार वाढतो. काही माणसांत त्या ताणाने रक्तातला द्रव फुप्फुसांत झिरपायला लागतो. डॉक्टर याला इमर्शन पल्मनरी एडिमा म्हणतात. सिलिंडरमध्ये हवा भरपूर असते, रेग्युलेटर (तोंडात धरून ज्यातून श्वास घेतात ते उपकरण) नीट चालत असतो, आणि तरी श्वास पुरत नाही. खोकला येतो, छातीत घरघरतं, कधी गुलाबीसर फेस पडतो, आडवं झालं की जास्त त्रास होतो. पाण्याबाहेर आल्यावर बहुतेकांना काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बरं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो. "घाबरली होती", "नाकातोंडात पाणी गेलं असेल" असं म्हणून विषय मिटतो. ज्यांना रक्तदाब आहे, ज्यांचं वय वाढलेलं आहे, त्यांना थंड पाण्यात हा धोका जास्त असतो. एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतं, आणि पुढच्या वेळी ते इतकंच सौम्य असेल याची हमी कोणी देत नाही. यात माणसं दगावली आहेत.

तुम्हाला हेच झालं होतं असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान करणं बरोबरही नाही. थोडंसं खारं पाणी घशात गेलं तरी खोकला येतो. पण तुम्ही लिहिलेल्या खुणा एकत्र ठेवल्या तर तपासून घेतल्याशिवाय पुन्हा पाण्यात जाऊ नये, एवढं मी ठामपणे सांगते. आणि पाण्यात म्हणजे फक्त सिलिंडर लावून नव्हे. थंड समुद्रात नुसतं पोहताना किंवा स्नॉर्कलिंग करतानाही हे होऊ शकतं.

डॉक्टरकडे जाल तेव्हा "स्कुबाला गेले होते, थोडी धाप लागली" एवढ्यावर भागवू नका. तुमचे नेहमीचे डॉक्टर कधी समुद्रात उतरलेले नसतील, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला हवं. पाणी किती थंड होतं, पोहत किती गेलात, किती खोल होतात, श्वास नेमका कधी पुरेनासा झाला, खोकला किती वेळ टिकला, कफाचा रंग काय होता, रात्री सपाट झोपता येत होतं की नाही, हे सगळं घरूनच लिहून न्या. गोळीचं नाव सांगा, कारण काही गोळ्या मेहनतीच्या वेळी हृदयाची गती वाढू देत नाहीत आणि पाण्यात त्याचा फरक पडतो. इमर्शन पल्मनरी एडिमाची शंका आहे असं स्वतःहून म्हणा, त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. ईसीजी, इको वगैरे काय करायचं ते तेच ठरवतील. डायव्हिंगची माहिती असलेला डॉक्टर हवा असेल तर डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही अमेरिकेतली जुनी संस्था आहे, सगळे तिला 'डॅन' म्हणतात. तिथे डायव्हिंगच्या वैद्यकीय प्रश्नांवर बोलायला जाणकार माणसं असतात.

आता फॉर्मबद्दल. तुम्हाला वाटतं की 'हो' लिहिलं की दार बंद. तसं नाही. रक्तदाब नीट आटोक्यात असलेली कितीतरी माणसं डायव्हिंग करतात. 'हो' लिहिलं की डॉक्टर तपासतात, सही करतात आणि तुम्ही जाता. एखादी तारीख हुकते, एवढंच. 'नाही' लिहिल्यावर मात्र तुमच्याबरोबरच्या कोणालाच तुमच्याबद्दल काही ठाऊक नसतं. पाण्यात तुम्ही खोकायला लागलात तर इन्स्ट्रक्टर म्हणणार "घाबरल्यात, शांत व्हा, हळू श्वास घ्या", आणि दोन मिनिटं तुम्हाला खालीच थांबवणार. खरी गरज असते ताबडतोब वर येण्याची, पाण्याबाहेर पडण्याची आणि ऑक्सिजनची. त्या एका रकान्याने हा निर्णय बदलतो. पंचेचाळिशीनंतर कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घरातला हृदयरोग यांबद्दलही त्या फॉर्मवर वेगळे प्रश्न असतात. नवऱ्याने त्याचा फॉर्म कसा भरलाय, तोही एकदा बघा.

समजा, तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले की हृदय-फुप्फुसं उत्तम आहेत. तरीही "म्हणजे मी घाबरले होते" हा निष्कर्ष लगेच काढू नका. त्याआधी तपासून बघाव्यात अशा साध्यासुध्या गोष्टी पुष्कळ आहेत.

अंदमानचं पाणी २८-२९ अंश सेल्सिअस असतं. मॉन्टरेला मे महिन्यात ते १०-११ च्या आसपास असतं. मार्चपासून पुढे वायव्येचे वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात ढकलत राहतात आणि त्याच्या जागी खालून थंडगार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) माजतात, म्हणून पाणी हिरवं दिसतं आणि कधी कधी हात लांब केला तर बोटं अस्पष्ट दिसतात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गार आणि सगळ्यात गढूळ दिवसांत तुमची या समुद्राशी पहिली ओळख करून दिली गेली. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथला चांगला हंगाम. वारा पडलेला असतो, पाणी एक-दोन अंशांनी उबदार असतं आणि पुष्कळ स्वच्छही.

इतकं गार पाणी एकदम अंगाला-चेहऱ्याला लागलं की शरीर आपोआप हापापल्यासारखा श्वास घेतं. ते थांबवणं कोणाच्या हातात नसतं; एक-दोन मिनिटांत ते ओसरतं. म्हणून अनुभवी डायव्हर उथळ पाण्यात उभे राहून आधी चेहरा भिजवतात, हुडमध्ये पाणी जिरू देतात, श्वास ताळ्यावर येईपर्यंत थांबतात आणि मगच खाली जातात. तुम्हाला कोणी तसं थांबू दिलं होतं का? की मित्रांचं टोळकं पुढे गेलं म्हणून तुम्हीही पाय मारत सुटलात?

सूटचंही बघा. भाड्याचा सात मिलिमीटरचा सूट चढवताना दोन माणसं लागली असतील आणि चेन लावताना श्वास आत घ्यावा लागला असेल, तर तो सूट लहान होता. बरोबर मापाचा सूट अंगाला सगळीकडे टेकतो, पण छाती भरून श्वास घेता येतो, मान वळवता येते, गिळताना गळ्याशी अडत नाही. तुम्ही 'गळ्याशी आवळणारं हुड' असं लिहिलंय. मानेवर सतत दाब पडला तर नुसतं गुदमरल्यासारखंच होत नाही, चक्करही येऊ शकते, कारण तिथल्या रक्तवाहिनीवरच्या दाबाने हृदयाची गती मंदावते. दुकानात "पाण्यात गेल्यावर सैल होतं" असं सांगतात. ते ऐकून गप्प बसायचं नाही. दुसरं माप मागायचं, नसेल तर दुसऱ्या दुकानात जायचं. बायकांच्या मापाचे जाड सूट भाड्याने मिळणं जरा कठीणच, आणि या छंदातली कितीतरी 'भीती' तिथूनच सुरू होते असं माझं मत आहे.

मग वजनं. पातळ सूटमध्ये तीन-चार किलोंवर भागतं, इथे दहा-बारा किलोही लागू शकतात. जाड सूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, तेच ऊब देतात आणि तेच तरंगवतात. ३३ फुटांवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात. सूट पातळ होतो, ऊब कमी होते आणि माणूस जड होऊन खाली ओढला जातो. अंदमानात हे तुम्हाला जाणवलंही नसेल. किती वजन घ्यायचं ते मित्राच्या अंदाजाने ठरवू नका. तरंगण्यासाठी हवा भरतात त्या जॅकेटमधली सगळी हवा सोडून, नेहमीसारखा श्वास भरून पाण्यात उभं तरंगा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर हळूच खाली गेलात, तर वजन बरोबर. त्याहून जास्त वजन म्हणजे प्रत्येक फुटासाठी जास्त मेहनत, जास्त धाप, जास्त हवा.

यावरून लक्षात आलं असेल की तुमचं सर्टिफिकेट खोटं नाही, पण ते ज्या पाण्यात मिळालं त्या पाण्यापुरतं तुमचं शरीर तयार झालंय. शिकताना ज्या परिस्थितीचा सराव झाला तशाच परिस्थितीत डाइव्ह करा, हे कोर्समध्येही सांगतात. ६० फुटांची परवानगी कार्डावर असली तरी थंड पाणी, केल्प (तळापासून वर वाढणारं लांबलचक समुद्री शैवाल) आणि लाटांमधून आत-बाहेर करणं यांचं शिक्षण त्यात आपोआप येत नाही.

उलट बाजूही सांगते. अंदमानचं डायव्हिंग म्हणजे 'स्विमिंग पूल' हे मला मुळीच मान्य नाही. तिथेही प्रवाह आहेत, खोली आहे, चुकीला तिथेही माफी नसते. थंडीत कुडकुडलं तरच डायव्हिंग खरं, हा हिशेब पुरुषांच्या घोळक्यात फार चालतो. तुम्ही तो मनावर घेऊ नका.

तरीही मॉन्टरेच्या पाण्यात काय आहे हे सांगितलं नाही तर तुमच्यावर अन्याय होईल, कारण तुम्ही पाहिलं ते फक्त हिरवं धुकं. तिथला जायंट केल्प ही शैवालाची जात आहे. अनुकूल दिवसांत ती दिवसाला फूटभर, कधी दोन फूटही वाढते. तळाच्या खडकाला घट्ट धरलेल्या जुडग्यापासून दोर निघतात आणि थेट पृष्ठभागापर्यंत जातात. प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेने भरलेला, बोटाच्या पेराहून थोडा मोठा फुगा असतो, त्यामुळे सगळं झाड पाण्यात उभं राहतं. ऑक्टोबरातल्या उन्हाच्या दिवशी चाळीस फुटांवरून वर पाहिलं की पानांच्या छपरातून पिवळे झोत खाली उतरताना दिसतात आणि त्यांतून निळ्या रॉकफिशचे थवे संथपणे जातात. खडकावर नखाएवढे लालगुलाबी ॲनिमोन दाटीने बसलेले असतात. जांभळ्या अंगाची, नारिंगी तुऱ्यांची एक समुद्री गोगलगाय असते. ती दिसली की मुरलेले डायव्हरही तिच्यापुढे दहा मिनिटं थांबतात. हे सारं त्याच गार पाण्यावर पोसलेलं आहे. आणि ते कायम राहीलच असंही नाही. २०१३ नंतर रोगाने तारामासे मेले, पाठोपाठ समुद्र तापला, केल्प खाणाऱ्या जांभळ्या अर्चिनांची (काटेरी गोल समुद्री जिवांची) संख्या भरमसाट वाढली आणि उत्तर कॅलिफोर्नियात बुल केल्प या दुसऱ्या जातीची जंगलं जवळपास नाहीशी झाली. मॉन्टरेतही पूर्वी जंगल होतं तिथे आता काही ठिकाणी नुसते अर्चिन दिसतात. नवऱ्याला नाद का लागला ते यावरून समजू शकेल. तुम्हीही तो लावून घ्यायलाच हवा, असं मात्र त्यातून निघत नाही.

आता त्याच्याबद्दल. तुम्ही वर जायची खूण केलीत आणि तो काही न विचारता तुमच्याबरोबर वर आला, हे त्याने अगदी बरोबर केलं. त्याचं श्रेय त्याला द्या, तोंडाने सांगा. गाडीत जे बोलला ते मात्र चुकलं. डायव्हिंगमध्ये एक नियम सगळे मानतात: कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. थांबवणाऱ्याला नंतर 'घाबरलीस' म्हटलं की पुढच्या वेळी तो पाच मिनिटं उशिरा खूण करतो. ती पाच मिनिटं महागात पडतात. हे त्याला पटेल, कारण तो आता बऱ्याच डाइव्ह केलेला माणूस आहे आणि हा नियम त्यानेही शिकलेला आहे.

तुमच्या पत्रात एक गृहीत सगळीकडे पसरलंय: नवरा-बायकोने एकमेकांचे बडी, म्हणजे पाण्याखालचे जोडीदार, असायलाच हवं. का? घरात चांगली जोडी असली म्हणजे पाण्याखाली चांगली जोडी होते असं नाही. बडीचं काम असतं बघणं, ओळखणं आणि वेळेवर निर्णय घेणं. नवऱ्याला तुम्ही पुढे जायला हव्या असता, तुम्हाला त्याचा हिरमोड करायचा नसतो. दोघांचाही निर्णय त्यामुळे वाकडा होतो. बायको ठीक आहे की नाही हे बघताना तो 'ठीक असावी' ही इच्छा घेऊन बघतो. अनोळखी बडीला ती अडचण नसते. त्याच्याकडे ऑफिसातली मंडळी आहेत, त्याला जोडीदाराची वाण नाही. तुमच्याशिवाय तो डाइव्ह करू शकतो, आणि त्याने करावी. त्याचा आनंद जातो याचं ओझं तुम्ही घेतलंय. तुमच्याबरोबर पाण्यात असतानाच त्याला आनंद होतो, की तुम्ही त्याच्या या आयुष्यात असल्याचा होतो, हे त्याला एकदा विचारून तर बघा.

तो काय म्हणेल याची धास्ती असेल तर वाद न घालता असं सांगता येईल: "मे महिन्यात मला जे झालं ते नुसतं घाबरणं होतं की अजून काही, हे मला डॉक्टरकडून जाणून घ्यायचंय. गोळीबद्दल मी फॉर्मवर खोटं लिहिलं, तसं पुन्हा करणार नाही. सप्टेंबरात मी पाण्यात येणार नाही. पुढचं नंतर ठरवू." एवढ्यात आयुष्यभराचा निर्णय येत नाही. तुम्ही दोनच टोकं लिहिली आहेत: भीती घालवून जायचं, किंवा कधीच जायचं नाही. मधे पुष्कळ जागा आहे.

कायमचं सोडून देणं हा अगदी सन्मानाचा पर्याय आहे, आणि डॉक्टर नको म्हणाले तर एकमेव पर्याय. फक्त कोमट पाण्यात डाइव्ह करणं हाही पर्याय आहे, पण त्यासाठीही डॉक्टरचा होकार लागेल, कारण हा त्रास गार पाण्यात जास्त होत असला तरी कोमट पाण्यात होतच नाही असं नाही. सुटीला भारतात गेलात की कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान. इकडून जवळ हवाई. कितीतरी लोक वर्षानुवर्षं एवढंच करतात आणि त्यांना काहीही कमी पडत नाही.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि तुमच्या मनातही ओढ असली (त्याच्या नव्हे, तुमच्या), तर परत जायची वाट सावकाशीची आहे. आधी मापाचा सूट. मग जाड सूट, हुड, हातमोजे, सगळं चढवून तरणतलावात सराव: मास्कमध्ये पाणी घेऊन काढणं, रेग्युलेटर सोडून परत तोंडात घेणं, जाड हातमोज्यांनी बकलं उघडणं. त्यानंतर मित्रांच्या टोळक्याबरोबर न जाता फक्त तुमच्यासाठी एक इन्स्ट्रक्टर घ्या. पैसे जास्त पडतील, ते इथेच घाला. कॅमेरा नंतर घेता येईल. जागा मॉन्टरेचा ब्रेकवॉटर, सॅन कार्लोस बीच. बांधामुळे लाटा अडतात, तळ हळूहळू उतरतो, तिथले बहुतेक कोर्स म्हणूनच तिथे होतात. दिवस शरदातला, लाटा कमी असलेला. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस फुटांपलीकडे जाऊ नका, आणि दात वाजायला लागायच्या आधीच बाहेर या. गाडीत थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. उतरण्याआधी हातमोज्यांत आणि हुडमध्ये थोडं ओतलं की पहिला झटका बराच बोथट होतो.

इथली पुष्कळ मंडळी पुढे ड्रायसूटकडे वळतात. त्यात पाणी शिरत नाही, आत गरम कपडे घालता येतात. पण तो घातला की प्रश्न मिटला असं समजू नका. सूटमध्ये खाली जाताना हवा भरायची आणि वर येताना सोडायची असते. ती हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. त्याचा वेगळा कोर्स असतो, तो करावा. गळ्याची पट्टी त्यातही घट्ट असते, तेव्हा मापाबद्दलचं माझं सगळं म्हणणं तिथेही लागू आहे.

केल्पमध्ये अडकण्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती बहुतेकांना असते, म्हणून सांगते. केल्प ओढला तर चिवट, वाकवून मोडला तर कट्कन तुटतो. अडकलात की गरगर फिरायचं नाही. थांबायचं, बडीला खूण करायची, एकेक देठ मोडायचा. आणि परतताना पानांच्या छपराखालून किनाऱ्याकडे येण्याएवढी हवा शिल्लक ठेवायची, म्हणजे वरून सरपटत यावं लागत नाही.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी तीन गोष्टी. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात सुटीत केलेलं 'स्कुबा', ज्यात इन्स्ट्रक्टर सिलिंडर धरून आपल्याला खाली फिरवून आणतो, ते सर्टिफिकेट नव्हे. अनुभव सुंदर असतो, पण त्याच्या जोरावर थंड समुद्रात कोणी नेत असेल तर जाऊ नका. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात रीतसर कोर्सही होतो, तो करून या. पुण्या-मुंबईहून आलेल्या आई-वडिलांना "एवढ्या लांब आलात तर एकदा करून बघा" असा आग्रह तर मुळीच करू नका; साठीच्या माणसाचा रक्तदाब आणि १२ अंशांचं पाणी यांची गाठ हौसेखातर घालायची नसते. आणि कार्मेलजवळचा मोनॅस्टरी बीच कितीही शांत दिसला तरी नवशिक्यांनी तिथून पाण्यात उतरू नये. काठालाच एकदम खोल आहे, जाड वाळू पायाखालून निसटते, आणि पडलेल्या माणसाला पुढची लाट उठू देत नाही. स्थानिक डायव्हर त्याला मॉर्च्युअरी बीच म्हणतात ते उगाच नाही.

राहता राहिला सप्टेंबर. पॉइंट लोबोसला जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत, म्हणून तुमचा नकार त्याला या आठवड्यातच कळवा. ऐन वेळी सांगितलंत तर तो दिवस खरंच वाया जाईल आणि तुम्ही पुन्हा स्वतःलाच दोष द्याल. त्याच्याबरोबर जायचं असेल तर जरूर जा. १९६० मध्ये तिथलं पाणी राखीव झालं, पाण्याखालचं असं राखीव क्षेत्र अमेरिकेत ते पहिलंच. व्हेलर्स कोव्हच्या काठाने पायवाट आहे, केल्पमध्ये गुंडाळून झोपलेले समुद्री ऑटर कधी कधी तिथूनच दिसतात, दुर्बीण घेऊन जा. तो पाण्यात असताना घड्याळाकडे डोळे लावून किनाऱ्यावर बसून राहू नका. किती वाजता बाहेर येणार आणि तोवर आला नाही तर कोणाला सांगायचं, एवढं त्याच्याशी आधी ठरवून ठेवा. डॉक्टरची वेळ मात्र त्याआधीची घ्या, आणि मॉन्टरेत वापरलेल्या सूटचं माप आठवत असेल तर तेही त्या कागदावर लिहून न्या.